पडदा काळा पडला म्हणून



चंदनसारच्या आमच्या युनियन कचेरीत एक जुना संगणक आहे. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी यांचे अर्ज त्यावरच तयार होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली, आणि विंडोज ११ काही त्या यंत्रावर चढेना. म्हणून आम्ही त्यावर लिनक्स मिंट बसविले. यंत्र पुन्हा सुरू केले, तो पडदा काळाकुट्ट! दुसऱ्याच दिवशी एका सभासदाचा अर्ज द्यावयाचा होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "यंत्र गेले, नवे घ्या."

यंत्र गेले नव्हते. दुभाष्या अडखळला होता. संगणकातील चित्र काढणारी चिप आणि लिनक्स यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. इंटेल व एएमडी यांच्या चिपांचे दुभाषे लिनक्सच्या गाभ्यातच येतात. एनव्हिडियासाठी 'नूवो' हा खुला ड्रायव्हर असतो, कंपनीचा स्वतःचा निराळा. आमची चिप एनव्हिडियाची होती आणि नूवोशी तिचे जमेना.

अशा वेळी काय करावे? यंत्र सुरू होताना शिफ्टचे बटण दाबून धरावे. नव्या यंत्रांत एस्केप दाबावे. ग्रब नावाची यादी दिसते. पहिल्या ओळीवर इंग्रजी 'ई' दाबावे. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून रोमन लिपीत 'नोमोडसेट' हा सलग शब्द लिहावा आणि एफ१० दाबावे. चित्र साधेसुधे, अक्षरे फुगलेली, पण पडदा उजळतो. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो. म्हणून लगेच 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावा, शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा व यंत्र पुन्हा सुरू करावे.

मग 'डिस्प्ले' या सदरात जावे. पडद्याचे मूळ रिझोल्यूशन निवडावे. आजच्या अनेक पडद्यांचे ते १९२० गुणिले १०८० असते. अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नये, त्याने अक्षर धूसर होते. फाँटचा आकार वाढवावा. एखादा बदल चुकलाच, तर घाबरू नये. 'ठेवू का?' या प्रश्नाला उत्तर दिले नाही, तर काही क्षणांत पहिली मांडणी आपोआप परत येते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. १९९२ पासून तो जीपीएल परवान्याखाली आहे. वापरणे, पाहणे, बदलणे व वाटणे हे हक्क त्या परवान्याने सर्वांस दिले. परंतु कागदावरचा हक्क बजावावयास शिकावे लागते, हे आम्हां कामगारांस कोणी नव्याने सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी अर्ज वेळेवर गेला. यंत्र अजून कचेरीतच आहे. तुमच्याही घरी काळा पडदा पडला, तर भंगारवाल्यास बोलाविण्यापूर्वी एकदा 'ई' दाबून पाहा.