ई-सिगारेटवरचा लाल दिवा काय सांगतो?

दहावी-बारावीत शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरात कधी पेनड्राइव्हसारखी, तर कधी हायलायटरसारखी दिसणारी एक नळी सापडते. हुंगले तर आंब्याचा किंवा पुदिन्याचा गोड वास येतो. तोंडाला लावून ओढले की टोकाचा लाल दिवा तीनदा लुकलुकतो आणि विझतो. ‘मित्राचे आहे, बिघडलेय, दुरुस्तीला द्यायचेय’ असे मुलगा सांगतो. वडील ती नळी उचलून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडे निघण्याच्या बेतात असतात. हा प्रसंग आता फक्त मुंबई-पुण्याच्या घरांपुरता राहील, असे परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या पालकांनी गृहीत धरू नये. वस्तू मुठीत मावते, धूर लगेच विरतो आणि कपड्यांना बिडीसारखा वास राहत नाही.

ही वस्तू म्हणजे ई-सिगारेट, मुलांच्या भाषेत ‘वेप’. तिच्यावर दिसणारे इशारे म्हणजे निव्वळ यंत्राची कुरकुर नव्हे. त्यांतला प्रत्येक इशारा शरीराविषयीही काहीतरी सांगत असतो.

आत असते तरी काय?

रचना साधी आहे. एक लिथियम-आयन बॅटरी, एक बारीक तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, तिच्याभोवती कापसाची वात आणि वातीला भिजवणारा द्रव. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. ओढ बसली किंवा बटण दाबले की बॅटरी कॉइल तापवते, द्रवाची वाफ होते आणि ती थेट फुफ्फुसात जाते. आजच्या ई-सिगारेटचे हे रूप चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी 2003 च्या सुमारास तयार केले. या सगळ्यावर एक छोटी चिप लक्ष ठेवते. काही बिघडले की ती पडद्यावर अक्षरे दाखवते, पडदा नसेल तर दिवा लुकलुकवते.

‘चेक ॲटमायझर’ आणि ‘शॉर्ट’

सर्वांत नेहमीचा इशारा ‘चेक ॲटमायझर’ किंवा ‘नो ॲटमायझर’. चिपला कॉइल सापडत नाही, असा त्याचा अर्थ. कॉइल सैल बसलेली असते, तुटलेली असते किंवा गळलेल्या द्रवाचा चिकट थर जोडणीवर साचलेला असतो. तो द्रव निकोटिनचा असेल, तर बोटांना लागलेला थेंबही त्वचेतून शरीरात जाऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

‘शॉर्ट’ किंवा ‘ओम्स टू लो’ हा इशारा अधिक गंभीर. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे आठवावा. 3.7 व्होल्टच्या बॅटरीला 0.5 ओहमची कॉइल जोडली, तर सुमारे 7.4 अँपिअर विद्युतप्रवाह वाहतो. हाच रोध 0.1 ओहमवर आला, तर प्रवाह 37 अँपिअरवर जातो. बोटाएवढ्या बॅटरीला तो पेलवेलच असे नाही. चिप अशा वेळी वीज तोडते, म्हणून अपघात टळतो. पण चिप नसलेल्या किंवा कोणीतरी उघडून ‘जुगाड’ केलेल्या वस्तूत हा पहारेकरीच नसतो. म्हणून हा इशारा दिसल्यावर ‘तार जोडून बघू’ हा विचार डोक्यातून काढून टाकावा.

‘टू हॉट’ आणि परभणीचा मे महिना

वस्तू तापली की ‘टू हॉट’ किंवा ‘डिव्हाइस हॉट’ असे शब्द येतात. परभणीत मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. उन्हात उभ्या दुचाकीच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत तो त्याहून बराच वर जातो. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. बॅटरीच्या आतला पातळ पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होते, उष्णतेने आणखी उष्णता निर्माण होते आणि काही सेकंदांत ज्वाळा निघतात.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2009 ते 2016 या काळातील बातम्या तपासल्या, तेव्हा ई-सिगारेटला आग लागण्याच्या किंवा स्फोटाच्या 195 घटना सापडल्या. त्यांतील सुमारे 60 घटनांत ती वस्तू खिशात होती, जवळपास तितक्याच घटनांत ती तोंडाशी होती. मांडी, हात, ओठ, दात आणि जबडा इथे इजा होतात. पुढे 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटाने मृत्यूही झाले.

‘लो बॅटरी’चा दिवा लागला की मुले मिळेल तो चार्जर लावतात आणि उशीखाली ठेवून झोपतात. आई-वडिलांना दिसू नये म्हणून उशी, आणि तीच सर्वांत धोक्याची जागा. फुगलेली, पाण्यात पडलेली किंवा हाताला चटका देणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती चुलीत, शेकोटीत किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

भाजलेच तर जखम किमान वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. रुग्णालयात गेल्यावर ‘बॅटरीने भाजले’ असे स्पष्ट सांगावे. उष्णतेबरोबर रसायनाचीही इजा असू शकते आणि डॉक्टरांना उपचार त्यानुसार ठरवावे लागतात. लपवण्याच्या नादात ‘गरम पाणी सांडले’ असे सांगितले, तर नुकसान रुग्णाचेच.

जळका वास आणि दहा सेकंदांचा दिवा

काही इशारे पडद्यावर येत नाहीत, घशाला लागतात. द्रव संपत आला, वात कोरडी पडली की जळकट, तिखट झुरका येतो. एरवी कॉइल साधारण 200 ते 250 अंशांपर्यंत तापते. वात कोरडी पडली की तापमान त्याच्या खूप वर जाते. मग ग्लिसरीनपासून ॲक्रोलिन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलपासून फॉर्मल्डिहाइड अधिक प्रमाणात तयार होते. पहिले श्वासनलिकेची आग करते, दुसऱ्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंशही वाफेत उतरतात.

आणखी एक इशारा असतो. सलग आठ-दहा सेकंद ओढले की यंत्र स्वतः बंद होते आणि दिवा लुकलुकतो. यात बिघाड काहीच नसतो. ओढणारा फार लांब झुरके घेतोय, एवढाच त्याचा अर्थ. मुलाचा दिवा वारंवार लुकलुकत असेल, तर यंत्रापेक्षा मुलाकडे पाहण्याची वेळ आली आहे. निकोटिनची सवय वाढली की झुरका लांबतो.

नव्या वस्तूंत निकोटिन क्षाराच्या रूपात असते. त्यामुळे घसा खवखवत नाही आणि नवशिक्याही सहज ओढू शकतो. 5 टक्के निकोटिनच्या 10 मिलिलिटर द्रवात सुमारे 500 मिलिग्रॅम निकोटिन असते. एका सिगारेटमधून शरीरात साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम जाते, यावरून साठ्याचा अंदाज यावा. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. या वयात निकोटिनची सवय लवकर लागते, एकाग्रता आणि मनःस्थिती बिघडते. घरात रांगते मूल असेल, तर धोका वेगळाच. या द्रवाचा एखादा मिलिलिटरही त्याच्या जिवावर बेतू शकतो. उलट्या, लाळ, घाम, अंग पांढरे पडणे, झटके दिसले तर वेळ न घालवता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. बाटली किंवा नळी सोबत न्यावी.

शरीराचे इशारे

यंत्राला पडदा आहे, फुफ्फुसाला नाही. 2019 मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्या तरुणांत न्यूमोनियासारखा आजार दिसू लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत तिथे 2,807 रुग्ण दाखल झाल्याची आणि 68 मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील बहुतेकांनी गांजातील अंमली घटक असलेला द्रव ओढला होता आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी या आजाराचा घट्ट संबंध आढळला. बाटलीत नेमके काय आहे, हे ओढणाऱ्याला कळत नाही, हा त्यातला धडा. खोकला, धाप, छातीत दुखणे, ताप आणि सोबत उलट्या-जुलाब असतील, तर वेप ओढत असल्याचे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. नाहीतर उपचार भलत्याच दिशेने जातात.

‘इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच वेप सुचवतात’ असे मुले सांगतात. ते अर्धे खरे आहे. तिथे सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी, नियम लावून ते सुचवले जाते. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या मुलाला यातून फायदा शून्य.

कायदा आणि पुढची वाट

भारतात सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशाने आणि त्यानंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात बंद झाली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विक्रीसाठी वा अन्य कारणाने साठा केल्यासही शिक्षा आहे. म्हणून इथे मिळणाऱ्या नळीला ना हमी, ना अधिकृत दुरुस्ती केंद्र, ना द्रवाची तपासणी. दिवा लाल झाला की दाद मागायला दारच नाही.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे 3.8 टक्केच, बाकी भर खाण्याच्या तंबाखूवर. जिथे ओढण्याची सवय कमी आहे, तिथे फळांच्या स्वादाने ती नव्याने रुजू देणे परवडणारे नाही.

नळी सापडली, तर आरडाओरडा, मारझोड करू नये. कधीपासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्याबरोबर लागते का, हे शांतपणे विचारावे. उठल्याबरोबर लागत असेल, तर सवय खोल गेली आहे. सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे हा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्या दिवसांत घरच्यांनी सांभाळून घ्यावे. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती समुपदेशनाची मदत घ्यावी किंवा 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा.

आणि ती नळी मोबाइलच्या दुकानात नेऊ नये. ती दुरुस्त झाली, तर बिघाड घरात कायम राहील.