बोटीच्या विम्याची ‘कव्हर नोट’ मिळाली, पण पॉलिसी आली का? हे नक्की तपासा

महाड : होडी घेतली, इंजिन बसवलं, विम्याचे पैसेही भरले. एजंटाने एक कागद हातात दिला आणि सांगितलं, ‘पॉलिसी मागाहून येईल.’ मधल्या दिवसांत होडी बुडाली किंवा पुरात वाहून गेली, तर त्या कागदावर भरपाई मिळते का? दासगावपासून खाली बाणकोटपर्यंत खाडीत होडी घालणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं.

उत्तर सरळ आहे. कागद कव्हर नोट असेल आणि तिची मुदत चालू असेल तर भरपाई मागता येते. दुसराच कागद असेल तर अडचण होते.

कुठला कागद म्हणजे विमा?

कोटेशन म्हणजे कंपनीने सांगितलेला भाव. तो विमा नाही. प्रपोजल फॉर्म म्हणजे आपण केलेली मागणी. तोही विमा नाही. प्रीमियमची पावती म्हणजे पैसे पोचल्याचा पुरावा, पण कंपनीने जोखीम घेतली की नाही हे तिच्यावरून नेहमी कळत नाही.

कव्हर नोट म्हणजे ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत जोखीम आमची’ असं कंपनीने लिहून दिलेला तात्पुरता कागद. मोटरसायकलची पॉलिसी आता मोबाईलवर लगेच येते. बोटीचं तसं नाही. बोटीची पाहणी करायची, किंमत ठरवायची, कागद तपासायचे, यात दिवस जातात. त्या मधल्या दिवसांसाठी कव्हर नोट असते.

समुद्रात जाणाऱ्या बोटींच्या विम्यासाठी १९६३ चा सागरी विमा कायदा आहे. कंपनीने प्रस्ताव स्वीकारला की करार झाला, मग पॉलिसी तयार असो वा नसो, असं तो सांगतो. प्रस्ताव कधी स्वीकारला हे दाखवायला कव्हर नोट उपयोगी पडते. पण कोर्टात करार सिद्ध करायला पॉलिसीच लागते, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणून कव्हर नोटवर समाधान मानून बसायचं नाही.

पैसे आधी, विमा नंतर

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. चेक दिला असेल तर तो वटला पाहिजे. एका मोटारीच्या प्रकरणात कव्हर नोट दिलेली होती, अपघात झाला आणि नंतर चेक न वटता परत आला. गाडीची भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये दिला. म्हणून खात्यातून पैसे गेले का ते स्वतः बघा. एजंटाच्या हातात रोख दिली असेल तर कंपनीची पावती घ्या.

मुदत किती?

पोलादपूरकडच्या जीप-टेम्पोवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार गाडीची कव्हर नोट ६० दिवस चालते आणि त्याआधी कंपनीने पॉलिसी द्यायची असते. हा ६० दिवसांचा नियम बोटीला धरून चालू नका. बोटीच्या कव्हर नोटवर जी तारीख लिहिली असेल तीच खरी. ती उलटली, पॉलिसीही आली नाही आणि मग नुकसान झालं, तर भांडत बसण्याची वेळ येते.

कागद घेताना एवढं वाचा

१. मालकाचं नाव, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि इंजिन नंबर बरोबर आहे का?

२. विमा सुरू होण्याची तारीख-वेळ आणि संपण्याची तारीख लिहिली आहे का?

३. वापर काय लिहिलाय? मासेमारीचा विमा काढून प्रवासी बसवले तर दावा अडकू शकतो.

४. हद्द कुठली? फक्त खाडी, की समुद्रही?

५. पावसाळ्यात बोट ओढून ठेवण्याची अट आहे का?

६. पूर आणि वादळ धरलंय का? नांगरलेल्या बोटीचं नुकसान धरलंय का?

७. कर्ज असेल तर बँकेचं नाव आहे का?

पूर कसा येतो ते महाडकरांना सांगायला नको. २०२१ च्या जुलैत सावित्री-गांधारीचं पाणी एका रात्रीत बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी पाचवा आणि सहावा मुद्दाच उपयोगी पडतो.

आणखी एक गल्लत टाळा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा माणसाचा आहे. मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये मिळतात, पण बोटीचे नाही. आणि पुरानंतर होणारा सरकारी पंचनामा हा विम्याचा दावा नव्हे. कंपनीला वेगळं, लेखी आणि लगेच कळवावं लागतं.

पॉलिसी आलीच नाही तर?

मुदत संपायच्या आठवडाभर आधी कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पॉलिसी यायला वेळ लागणार असेल तर कव्हर नोटची मुदत लेखी वाढवून मागा. एजंटाचं तोंडी ‘होऊन जाईल’ चालणार नाही. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करता येते. महिनाभरात कंपनीचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

कव्हर नोटचा फोटो आजच काढून घरच्या दोघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. बोटीतला कागद बोटीबरोबरच जातो.