खेळ: मोठ्यांच्या मनाचा विसावा

आपल्या समाजात खेळ आणि बालपण यांची सांगड इतकी पक्की बसली आहे की, पन्नाशीचा गृहस्थ अंगणात लगोरी खेळताना दिसला, तर शेजारी हसतात आणि घरची मंडळी ओशाळतात. 'हे काय खेळायचे वय आहे?' हा प्रश्न आपण इतरांना विचारतो आणि मनातल्या मनात स्वतःलाही विचारतो. वास्तविक पाहता कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा, वृद्ध आईवडिलांचे आजारपण आणि लोकलच्या गर्दीतला रोजचा प्रवास हे सारे ज्या वयात एकदम अंगावर येते, नेमक्या त्याच वयात खेळ आपल्या जीवनातून हद्दपार झालेला असतो. म्हणूनच खेळाचा आपल्या शरीराशी आणि मनाशी नेमका काय संबंध आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ताण म्हणजे काय?

संकट समोर उभे राहिले की शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. या वेळी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. त्रासाची कारणे वेगवेगळी असली, तरी शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच असतो आणि तो दीर्घकाळ चालू राहिला तर शरीर झिजते.

आपली स्वायत्त चेतासंस्था मुख्यतः दोन शाखांनी काम करते. अनुकंपी शाखा शरीराला सज्ज करते, तर परानुकंपी शाखा त्याला शांत करते. पहिलीला गाडीचा वेग वाढवणारे पायडल म्हटले, तर दुसरी ब्रेक होय. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसे व जठरापर्यंत पोहोचणारी व्हेगस ही चेता या ब्रेकचा मोठा भाग सांभाळते. वाघ दिसला आणि निघून गेला, तर शरीर काही वेळात पूर्वपदावर येते. आपल्या चिंता मात्र वाघासारख्या निघून जात नाहीत. हप्त्याची तारीख दर महिन्याला येते. त्यामुळे ब्रेक लावण्याची शरीराची सवयच हळूहळू मोडत जाते. मग रात्री अंथरुणावर पडूनही झोप लागत नाही.

खेळताना काय घडते?

खेळात शरीर उत्तेजित होतेच. कबड्डीत चढाई करताना छाती धडधडते, कॅरममध्ये राणी काढताना श्वास रोखला जातो. परंतु येथे धोका खरा नाही, हे मनाला पक्के ठाऊक असते. उत्तेजना येते, थोडा वेळ टिकते आणि डाव संपताच हास्यविनोदात विरून जाते. चढणे आणि उतरणे हा क्रम शरीराला येथे निर्भयपणे गिरवता येतो. शिवाय खेळ लक्ष पूर्णपणे वेधून घेतो. सोंगटी कोठे जाईल याचा विचार करणारे मन, त्याच क्षणी, उद्याच्या चिंतेचे दळण दळू शकत नाही.

खेळाबरोबर हसणे येते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकत्र बसून मनसोक्त हसलेल्या माणसांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली. शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

खेळण्याची ऊर्मी किती खोलवर रुजलेली आहे, हे याक पँक्सेप (१९४३–२०१७) या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांवरील संशोधनातून दाखवले. उंदीर खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिशय उंच स्वरातील चिवचिवाट करतात. मेंदूचा वरचा, विचार करणारा थर काढून टाकलेली पिल्लेदेखील खेळतच राहिली. म्हणजे खेळाचे मूळ मेंदूच्या पुरातन, खोल भागात आहे. बर्लिनच्या संशोधकांनी तर २०१९ साली उंदरांना माणसांबरोबर लपंडाव खेळायला शिकवले. बक्षीस अन्नाचे नव्हते, केवळ गुदगुल्यांचे व सोबतीचे होते. सापडल्यावरही काही उंदीर निसटून पुन्हा लपत, जणू डाव संपूच नये!

त्याच प्रयोगशाळेचा २०२३ सालचा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. उंदरांना अस्वस्थ करणाऱ्या वातावरणात ठेवले, की गुदगुल्यांना मिळणारा त्यांचा आनंदी प्रतिसाद ओसरला. ताण वाढला की पहिला बळी खेळाचा जातो. मनुष्य आणि उंदीर एक नव्हेत, हे खरे. तरीही आपल्या घराकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एखाद्या घरातील थट्टामस्करी थांबली असेल, जेवणाच्या वेळी फक्त कामापुरते बोलणे उरले असेल, तर तेथे कोणीतरी ओझे वाहत आहे, असे समजावे.

खेळ कशाला म्हणावे?

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून खेळाचे स्वरूप उलगडले. खेळ स्वेच्छेने खेळला जातो, तो नित्याच्या व्यवहारापासून वेगळा असतो आणि त्याला स्थळकाळाची मर्यादा असते. या कसोटीवर पाहिले, तर घड्याळावर पावले मोजत धापा टाकणे हा उत्तम व्यायाम असेल. पण तो खेळ असेलच असे नाही. पैसे लावून खेळलेले पत्ते तर खेळाच्या नेमके उलट आहेत, कारण तेथे धोका खरा असतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरांची राखरांगोळी केल्यानंतर, २०२५ साली संसदेला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. मध्यरात्रीपर्यंत एकट्याने मोबाइलवर बोटे फिरवणेही विश्रांती देत नाही. त्या खेळाला शेवट नसतो आणि समोर हसणारा माणूसही नसतो.

आपल्या पूर्वजांना याची जाण होती. नव्याने सासरी आलेल्या मुलीला मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा खेळण्याची मोकळीक होती. १९९५ साली मुंबईतील एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी मूठभर लोकांसह सुरू केलेला हास्य क्लब पुढे अनेक देशांत पोहोचला, यावरून मोठ्यांची ही भूक किती खरी आहे हे दिसते.

ख्रिस्ती परंपराही खेळाकडे तुच्छतेने पाहत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये हा प्रश्न गांभीर्याने हाताळला. श्रमाने थकलेल्या शरीराला जशी विश्रांती हवी, तशी मनालाही हवी आणि मनाची विश्रांती आनंदात असते, असे ते म्हणतात. या संदर्भात ते एक जुनी कथा सांगतात. शिष्यांसमवेत खेळणाऱ्या संत योहानाला पाहून काहींना नवल वाटले. तेव्हा त्याने एका धनुर्धराला विचारले, धनुष्य सतत ताणून ठेवले तर काय होईल? ते मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. अक्वायनस तीन पथ्येही घालून देतात: खेळ अश्लील किंवा दुसऱ्याला इजा करणारा नसावा, मनाचा तोल सुटू नये, आणि तो व्यक्ती, वेळ व स्थळ यांना साजेसा असावा. मात्र जो स्वतः कधी खेळत नाही आणि इतरांच्या आनंदातही विरजण घालतो, त्यालाही ते दोष देतात!

आपण काय करावे?

आठवड्यातील एक संध्याकाळ कॅरम, सापशिडी किंवा पत्त्यांसाठी राखावी. दूरदर्शन संच बंद असावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत असावेत. धर्मग्रामाच्या क्रीडादिनी आईवडिलांनी केवळ खुर्च्यांवर बसून टाळ्या न वाजवता रस्सीखेचीत उतरावे. आजीआजोबांना नातवंडांच्या डावात भिडू करून घ्यावे. हृदयविकार वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी धावपळीचे खेळ डॉक्टरांना विचारूनच खेळावेत. हरल्यावर चिडण्याची सवय असेल, तर प्रथम लहान मुलांबरोबर खेळावे. हसत हरणे ती आपल्याला शिकवतात.

खेळाने कर्ज फिटत नाही, नोकरी मिळत नाही. पण त्या प्रश्नांना सामोरे जाणारे मन थोडे ताजे होते. आणि ज्याला कशातच आनंद वाटेनासा झाला आहे, ज्याची झोप व भूक आठवडेच्या आठवडे हरपली आहे, त्याला 'जरा खेळ, बरे वाटेल' असे सांगून वाटेला लावू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा व्यक्तीला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

इतरांनी मात्र माळ्यावर धूळ खात पडलेला कॅरम बोर्ड या रविवारी खाली काढावा. थोडी पावडर टाकावी आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला पहिला डाव द्यावा.