एका पेशीच्या जाडीचं अस्तर

हाताला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतात, तो फुगवून पाच मिनिटं रक्तपुरवठा अडवतात आणि मग पट्टा एकदम सैल करतात. अडलेलं रक्त जोरात धावतं, आणि निरोगी धमनी त्याला वाट देण्यासाठी थोडी रुंद होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे रुंदावणं मोजता येतं. नुकतीच सिगारेट ओढलेल्या माणसाची हीच चाचणी केली, तर धमनी कमी फुलते. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, त्याला स्वतःला काहीच कळत नाही. बिघाड मात्र सुरू झालेला असतो.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. रक्ताचा वेग वाढला की या पेशींना तो जाणवतो आणि त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. तो धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंपर्यंत पोहोचला की स्नायू सैलावतात. प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत, हेही काम तोच करतो. या वायूचं रक्ताभिसरणातलं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं नोबेल मिळालं.

तंबाखूच्या धुरातली रसायनं हा वायू वापरात येण्याआधीच निकामी करतात. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. अॅड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, वाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून तेवढा ऑक्सिजन कमी वाहून नेला जातो. विडी बारीक असते म्हणून ती सौम्य, असं समजणारे पुष्कळ आहेत. पण ती विझू नये म्हणून सारखे झुरके घ्यावे लागतात, आणि धूर काही कमी जात नाही.

व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, तंबाखू जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, हे खरं आहे. पण त्यातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापलेल्या तारेवर पोळलं की फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिन यांसारखे दाहक पदार्थ बनतात. २०१९मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कधीही धूम्रपान न केलेल्या ३१ निरोगी तरुणांना निकोटीनविरहित ई-सिगारेटचे १६ झुरके घ्यायला लावले आणि एमआरआय करून पाहिला. मांडीतल्या धमनीचं रुंदावणं सरासरी ३४ टक्क्यांनी घटलं होतं. हा परिणाम तात्पुरता होता. पण दिवसभर व्हेप हातात असणाऱ्याच्या अस्तराला सावरायला वेळ मिळणार कधी? 'निकोटीन नाही, म्हणजे नुसती वाफ' हा दावा माझ्या मते इथेच निकालात निघतो.

या सगळ्याची मोठी किंमत मेंदू मोजतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, आणि त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतो. त्याच्या खोल भागांत जाणाऱ्या सूक्ष्म धमन्यांना पर्यायी वाट नसते. एक बुजली की तिच्यावर जगणारा तेवढा भाग मरतो. असे छोटे झटके अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाहीत; एमआरआयमध्ये नुसते डाग दिसतात. डाग साचत गेले की चाल मंदावते, हिशेब चुकतो, नावं आठवायला वेळ लागतो. मोठी धमनी गुठळीने अडली तर पक्षाघात होतो. धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका साधारण दुप्पट असतो. कोवळ्या मेंदूचं तर विचारायलाच नको: त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, आणि निकोटीनची सवय त्यात लवकर घट्ट बसते.

सुटका मात्र होते. कार्बन मोनॉक्साइड दोन-तीन दिवसांत रक्तातून निघून जातो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ पाहणीत सिगारेट सोडलेल्यांचा पक्षाघाताचा धोका पाच वर्षांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आला होता. सिगारेट कमी करून जोडीला व्हेप घेतल्याने हे साधत नाही. शिवाय भारतात २०१९पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. सोडायचं ठरवलं असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशक भेटतात. आजच फोन लावा.