पहारेकऱ्याची यादी किती शिळी?

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शाळांच्या सहली बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल पाहायला जातात. किल्ल्याच्या दरवाजापाशी कोणी फारसे थांबत नाही. आज आपण तेथेच थांबू. समजा, दरवाजावर एक पहारेकरी उभा आहे. कोणाला आत सोडायचे हे तो ठरवीत नाही. ते आतला कारभारी ठरवितो. प्रत्येक माणसासाठी कारभाऱ्याला विचारायचे म्हटले तर दरवाजावर रांग लागेल. म्हणून पहारेकऱ्याजवळ यादीची नक्कल असते आणि एक हरकारा ठरावीक वेळाने ताजी नक्कल आणून देतो.

मोठ्या संगणक-व्यवस्थांत नेमके हेच चालते. प्रचंड माहितीसाठ्यांवर पहारा ठेवणारी ‘अपाची रेंजर’ नावाची एक मुक्त आज्ञावली आहे. कोणती माहिती कोणी पाहावी याचे नियम एका मध्यवर्ती संगणकावर असतात आणि प्रत्येक दारावर त्यांची नक्कल असते. मुद्दाम बदल केला नसेल तर ही नक्कल ताजी आहे का, हे दर ३० सेकंदांनी विचारले जाते. हे काम पडद्याआड होते. दारावरचे काम त्यासाठी थांबत नाही.

आता एखाद्या माणसाचा प्रवेशाचा हक्क काढून घेतला, तर तो दारावर लगेच अडेल काय? नाही! हक्क काढल्याचा क्षण दोन फेऱ्यांच्या मध्ये कोठेही येऊ शकतो. म्हणजे तो माणूस जास्तीत जास्त ३० सेकंद आणि सरासरी १५ सेकंद आत जाऊ शकेल. फेऱ्या वाढविल्या तर हा वेळ कमी होईल, पण मध्यवर्ती संगणकावरचा भार तितक्याच पटीने वाढेल.

अशा आज्ञावलीत दुरुस्ती करायची झाली तर संपूर्ण आज्ञावली पुन्हा लिहीत नाहीत. कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या एवढेच दाखविणारा एक तुकडा तयार करतात. त्याला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. हे नाव उगीच पडलेले नाही. जुन्या संगणकांच्या आज्ञा कागदी पट्टीवर छिद्रे पाडून देत, आणि चुकलेले छिद्र खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवून बुजवीत. आज ठिगळ लावण्यापूर्वी ते दुसऱ्या जाणत्या माणसाने वाचावे असा शिरस्ता आहे. त्याला आपण परीक्षक म्हणू.

परीक्षक काय पाहतो? हरकारा रोज नीट येतो तेव्हा काय होते, हे ठिगळ लिहिणाऱ्याने पाहिलेलेच असते. परीक्षकाला विचारायचे असते ते हे, की हरकारा वाटेत पडला तर काय? जावा या संगणकभाषेत ठरावीक वेळाने काम करवून घेण्याची एक तयार सोय आहे. तिचा नियम मोठा कठोर आहे. एखाद्या फेरीत घडलेली चूक त्या कामाने स्वतः सांभाळली नाही, तर पुढच्या सर्व फेऱ्या बंद होतात, आणि त्यासुद्धा निमूटपणे. जाळे क्षणभर तुटावे, आणि हरकारा कायमचा थांबावा! पहारेकरी मात्र महिन्यापूर्वीची यादी घेऊन तितक्याच रुबाबात उभा असतो. बाहेरून सर्व काही सुरळीत दिसते, आणि म्हणूनच हा दोष फार वाईट. चूक सांभाळणाऱ्या दोन-चार ओळी ठिगळात आहेत की नाहीत, हे परीक्षक सर्वांत आधी शोधतो.

नवी यादी आली नाही तर जुनी वापरावी की दरवाजाच बंद करावा? याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. रुग्णालयात जुन्या यादीवर काम चालू ठेवून मोठ्याने घंटा वाजवावी, आणि तिजोरीपाशी ठरावीक वेळानंतर दार लावावे, असे मला वाटते. मात्र अर्धवट आलेली यादी कोठेच चालणार नाही. पूर्ण नक्कल हाती आल्यावर ती एका क्षणात बदलली पाहिजे.

आणखी एक प्रश्न भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. इंग्लंडमधील ब्रॉटनचा झुलता पूल १८३१ साली, सैनिक तालात पावले टाकीत जात असताना कोसळला. तेव्हापासून पुलावर ताल मोडून चालण्याची प्रथा पडली. वीज जाऊन आल्यावर हजारो संगणक एकाच क्षणी सुरू झाले, तर त्यांचे हरकारेही तालात चालतात आणि दर ३० सेकंदांनी मध्यवर्ती संगणकावर आदळतात. उपाय तोच. प्रत्येकाच्या फेरीत थोडा यादृच्छिक उशीर मिसळावा.

पण आज्ञावली तपासली आणि येणारी यादी तपासली नाही, तर? १९ जुलै २०२४ रोजी हे जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीची सुरक्षा-आज्ञावली संशयास्पद वर्तन ओळखण्याचे नियम पडद्याआड मागवीत असे. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आलेल्या नियमांत २१ मूल्यांचा आधार घेतला होता. संगणकातील आज्ञावलीजवळ मात्र २०च होती. एकविसावे मूल्य शोधताना ती स्मृतीत नको तेथे गेली आणि संगणक बंद पडले. कंपनीने ती फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणकांना तडाखा बसला होता. आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यानंतर कंपनीने नवे नियम सर्वांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरविले.

आता एक गणित करून पाहा. ६००० संगणक आहेत. प्रत्येक जण ३० सेकंद थांबतो, त्यात ० ते ६ सेकंदांचा यादृच्छिक उशीर मिसळतो आणि मग नवी यादी मागतो. यादी पोहोचायला लागणारा वेळ सोडून द्या. मध्यवर्ती संगणकाकडे सेकंदाला सरासरी किती मागण्या येतील? आणि यादी जास्तीत जास्त किती शिळी असेल? (उत्तरे : सुमारे १८२ मागण्या, ३६ सेकंद.)