मातेच्या रक्तातील पाहुणे

१८९३ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्मोर्ल यांना, गरोदरपणातील आकडीने दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी अडकलेल्या आढळल्या. माता आणि गर्भ यांच्यामधील सरहद्द आपण समजतो तितकी बंदिस्त नाही, याचा तो दाखलाच होय. गर्भाच्या गुणसूत्रांत दोष आहे का हे पाहण्यासाठी मातेच्या पोटात सुई घालून गर्भजल काढावे, तर गर्भपाताचे भय, अल्प का होईना, राहतेच. त्याऐवजी मातेच्या दंडातून घेतलेल्या रक्तातूनच गर्भाच्या पेशी वेचून, त्या वाढवून, त्यांची गुणसूत्रे तपासावीत, हा विचार म्हणूनच संशोधकांना अनेक दशके सोडवेना. परंतु एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी, आणि गर्भाच्या म्हणाव्यात अशा जेमतेम एक-दोन! त्यातही हाती लागतात त्या बहुधा केंद्रकयुक्त तांबड्या पेशी, ज्यांची विभाजनाची शक्ती जवळजवळ सरलेली असते. रक्ताच्या पूर्वज पेशी वाढवाव्यात, तर डायना बियांकी यांनी १९९६ साली दाखविल्याप्रमाणे मागील गर्भाच्या पेशी मातेच्या रक्तात २७ वर्षांपर्यंतही टिकून राहू शकत असल्याने, काचेच्या बशीत वाढली ती पेशी या गर्भाची की त्याच्या थोरल्या भावंडाची, हा पेच उभा राहतो.

१९९७ साली डेनिस लो यांनी मातेच्या रक्तद्रवात गर्भाचे डीएनए तरंगत असल्याचे दाखविले, आणि आज प्रचारात असलेल्या चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. तथापि हे बव्हंशी वारेतून सुटलेले तुकडे, अखंड पेशीतील सबंध दप्तर नव्हे, त्यामुळे चाचणीने संशय दर्शविला की निर्णायक निदानासाठी आजही सुईच लागते.