भूकंपमालिका

भूकंपमालिका : एखाद्या मर्यादित क्षेत्रात काही दिवस, महिने वा वर्षे लहान लहान भूकंप एकामागून एक होत राहतात आणि त्यांपैकी कोणताही एक इतरांच्या मानाने फारसा मोठा नसतो, अशा भूकंपांच्या समुच्चयाला भूकंपमालिका म्हणतात. सर्वसाधारण मोठ्या भूकंपात प्रमुख धक्का स्पष्टपणे ओळखता येतो. त्याच्या आधी क्वचित काही पूर्वकंप होतात व नंतर क्रमाक्रमाने विरळ होत जाणारे पश्चात्कंप येतात. मालिकेत असा प्रमुख धक्का नसतो. धक्क्यांची संख्या वाढते, ओसरते व पुन्हा वाढते. जपानी भूकंपवैज्ञानिक कियो मोगी यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार खडक जितका अधिक विषमांग व भेगाळलेला आणि प्रतिबल जितके अधिक एकवटलेले, तितका मालिकेचा संभव अधिक असतो. अखंड खडकात ताण साठत जाऊन तो एकदम मोकळा होतो. भेगाळ खडकात तो ठिकठिकाणी थोडाथोडा मोकळा होतो.

कारणे : खडकातील ज्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या सापेक्ष सरकलेल्या असतात, तिला विभंग म्हणतात. दोन्ही बाजू वरखाली न सरकता आडव्या दिशेने, म्हणजे नतिलंबाला समांतर सरकत असतील, तर त्यास नतिलंब-सर्पण विभंग असे नाव आहे. अशा विभंगाच्या दोन्ही पृष्ठांमधील घर्षणामुळे सरकण्याची क्रिया एरवी अडून राहते. खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत व भेगांत पाणी शिरून त्याचा दाब वाढला म्हणजे पृष्ठांना एकमेकींवर दाबून ठेवणारे परिणामी प्रतिबल कमी होते, घर्षण घटते आणि आधीपासूनच काठावर असलेला विभंग सरकतो. पाणी भेगांमधून हळूहळू पसरत जाते, तसतसे नवे नवे भाग सरकू लागतात. धक्के एकाच वेळी न येता मालिकेने येतात, याचे हे एक प्रमुख कारण होय. ज्वालामुखी क्षेत्रांत हेच कार्य शिलारस व उष्ण वायू करतात.

जपानमधील नागानो परगण्यात मात्सुशिरो येथे ऑगस्ट १९६५ मध्ये सुरू झालेली मालिका सु. दोन वर्षे चालली. तीत एकूण सात लाखांवर धक्के यंत्रांवर नोंदले गेले. मात्र सर्वांत मोठ्या धक्क्याची महत्ता केवळ ५·४ होती. त्या काळात जमिनीतून सु. एक कोटी घ. मी. पाणी बाहेर आले व डाव्या बाजूस सरकणारा एक विभंग तेथे प्रत्ययास आला. अमेरिकेत डेन्व्हरजवळ खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडण्यास १९६२ मध्ये प्रारंभ झाला आणि पाठोपाठ तेथे लहान भूकंप होऊ लागले. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रिअस व इंपीरियल या नतिलंब-सर्पण विभंगांना जोडणाऱ्या ब्रॉली पट्ट्यात अशा मालिका वारंवार होतात. ऑगस्ट २०१२ मधील मालिका हे त्यांचे एक उदाहरण होय.

कोयना–वारणा क्षेत्र : महाराष्ट्रात नतिलंब-सर्पण विभंगावरील भूकंपांचे सर्वांत चांगले अभ्यासलेले क्षेत्र सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, मुंबईच्या आग्नेयीस सु. २०० किमी. अंतरावर आहे. कोयना नदीवरील १०३ मी. उंचीच्या धरणामागे शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान धक्के व जमिनीतून गडगडाट जाणवू लागला. त्यांच्या नोंदीसाठी पुढे धरणाच्या आसपास भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी तोवरचा मोठा धक्का बसला आणि १० डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वा. २१ मिनिटांनी ६·३ महत्तेचा विनाशकारी भूकंप झाला. त्यात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांवर जखमी झाली आणि कोयनानगरमधील बहुसंख्य घरे कोसळली. धरणाच्या उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या. त्यांचे पुढे मजबुतीकरण करण्यात आले. धरणातील यंत्रावर गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६३ पट इतका प्रवेग नोंदला गेला. दोनाचीवाडा परिसरात जमिनीवर उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेने भेगा उमटल्या. भूकंपतरंगांच्या विश्लेषणावरून त्याच दिशेच्या विभंगावर डाव्या बाजूचे आडवे सर्पण झाल्याचा निष्कर्ष निघाला.

या भूकंपानंतर येथील हालचाल थांबलेली नाही. दक्षिणेस वारणा नदीवरील जलाशय १९८५ पासून भरू लागला व १९९३ पासून त्या बाजूस धक्क्यांचे प्रमाण वाढले. वारणेच्या बाजूचे काही भूकंप आडव्या सर्पणाऐवजी खडक खाली खचल्यामुळे होतात. सु. ३० किमी. लांब व २० किमी. रुंद अशा या क्षेत्रात आजवर ५ वा अधिक महत्तेचे वीसहून अधिक आणि लहान असे हजारो भूकंप नोंदले गेले आहेत. बहुतेकांची नाभी १० किमी.पेक्षा कमी खोलीवर असते. पावसाळ्यात जलाशय भरत आल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास व पुन्हा हिवाळ्यात त्यांची संख्या वाढते. पाण्याची पातळी किती वेगाने चढते, ती किती काळ टिकून राहते आणि पूर्वीच्या उच्चांकापेक्षा अधिक चढते काय, या गोष्टी त्यात महत्त्वाच्या ठरतात, असे हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे. जलाशय भूकंप निर्माण करीत नाही. भूकवचात साठलेला ताण मोकळा होण्याची वेळ तो अलीकडे आणतो, असे सामान्यतः मानले जाते. विभंगाजवळील परिस्थितीचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्यासाठी कराडजवळ संशोधन प्रयोगशाळा उभारण्यात आली आहे. गोठणे येथे घेतलेल्या सु. ३ किमी. खोल वेधनछिद्रात सु. १,२४७ मी. जाडीच्या बेसाल्टाच्या थरांखाली ग्रॅनाइटी पट्टिताश्म आढळले. बहुसंख्य भूकंप याच खालच्या खडकांत होतात.

मुंबईच्या परिसरातील मालिका : मुंबईला पाणी पुरविणाऱ्या भातसा जलाशयाच्या परिसरात, शहापूर तालुक्यातील खर्डीजवळ, १९८३ मध्ये भूकंपमालिका झाली, १५ सप्टेंबर १९८३ रोजीच्या तीतील मोठ्या धक्क्याची महत्ता ४·९ होती. पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून हजारो लहान धक्के नोंदले गेले. तेथे १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४·१ महत्तेचा धक्का बसला आणि अनेक कुटुंबांनी घराबाहेर, तंबूंत रात्री काढल्या. कोयनेप्रमाणे मोठा जलाशय या मालिकेच्या केंद्रस्थानी नाही. शिवाय तेथील सर्पण मुख्यत्वे आडवे नसून खचण्याच्या प्रकारचे आहे. त्यामुळे प्रत्येक मालिकेचे कारण धरणात शोधणे बरोबर नाही.

मुंबई बेटावर स्वतःची अशी मोठी मालिका नोंदलेली नाही. तथापि दूरच्या धक्क्यांशी या शहराचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाबा वेधशाळेत मिल्न पद्धतीचे भूकंपमापक बसविण्यात आले होते. १९६७ च्या पहाटेचा धक्का मुंबईत स्पष्टपणे जाणवला. कोयनेचा वीजपुरवठा खंडित झाल्याने येथील उद्योगधंद्यांनाही त्याची झळ पोहोचली. परळ–लालबागच्या गिरण्यांतील पुष्कळ कामगार सातारा–कोकणातील असल्यामुळे गिरणगावात ही आपत्ती दूरची नव्हती.

शहराचा धोका अपिकेंद्राच्या अंतराइतकाच जमिनीवर व इमारतींवर अवलंबून असतो. मलबार टेकडीसारखे भाग खडकावर आहेत; मूळ सात बेटांमधील खाजणे व उथळ समुद्र भरून काढलेल्या सखल भागांत मात्र भरावाचे व चिखलाचे थर आहेत. अशा मऊ थरांत भूकंपतरंगांचा आयाम वाढतो. गिरगाव, परळ व लालबाग येथील जुन्या चाळी बहुतांशी विटा, चुना व लाकडी तुळया यांच्या आहेत. लाकडी सांगाडा लवचीक असल्याने शाबूत असेतोवर धक्का सोसू शकतो. परंतु दरवर्षीच्या पावसाने तुळयांची भिंतीतील टोके कुजली, मूळचे आधार काढले गेले किंवा वर नवे वजन चढविले गेले, तर ही क्षमता नष्ट होते. १९६९ च्या कायद्याने अशा जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्या वेळी त्यांची संख्या सु. १९,६०० होती. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत मुंबईचा समावेश तिसऱ्या, तर कोयना परिसराचा त्याहून अधिक धोक्याच्या चौथ्या भूकंपक्षेत्रात केलेला आहे.

मालिका व भाकीत : लहान धक्क्यांनी साठलेला ताण निघून जातो व मोठा भूकंप टळतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. गणिताने ती टिकत नाही. महत्ता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सु. ३२ पट होते. म्हणून ६ महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडण्यासाठी ३ महत्तेचे सु. ३२ हजार धक्के व्हावे लागतील. उलट, मालिका म्हणजे मोठ्या भूकंपाची निश्चित सूचना, असेही म्हणता येत नाही. बहुतेक मालिका हळूहळू शमतात; मात्सुशिरोची तशीच शमली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीस मात्र १९९२ च्या उत्तरार्धात धक्क्यांची मालिका होऊन ती ओसरली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात त्या परिसरातील सु. आठ हजार माणसे दगावली. मालिका चालू असताना ती यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे खात्रीने ओळखण्याची पद्धत उपलब्ध नाही. म्हणून मालिका सुरू होताच त्या भागात भूकंपमापकांचे दाट जाळे उभारणे, अफवांना वाव न देता नोंदी लोकांपर्यंत पोहोचविणे आणि दगडमातीच्या व जीर्ण घरांची तपासणी व दुरुस्ती करणे, हेच उपाय हाती राहतात. यांतील शेवटचा उपाय मालिकेची वाट न पाहताही करता येतो.